नसीम आपाची डावी बाजू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला तर नाहीच — ती दुसऱ्या दिवशी अख्ख्या अमरावतीला सांगेल. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

अमरावतीच्या राजापेठेतल्या एका फोटो स्टुडिओत आम्ही दोघी कामाला होतो, नसीम आपा आणि मी. दोघींत कम्प्युटर एक. जुने, फाटके फोटो दुरुस्त करून मोठे करायचे. त्या वर्षांत गावांकडून असे फोटो फार येत. पासपोर्टएवढा चेहरा, त्यावर अर्धा शिक्का, आणि तो भिंतीवर लावण्याएवढा करून हवा असे. माणूस बहुतेक शेतकरी, आमच्याच वयाचा. फोटो आणणारी बाई काउंटरपाशी उभीच राही. बसा म्हटलं तरी बसत नसे.

फोटोच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावरची मांडणी आपल्या सोयीने लावता येते — ब्रश कुठे, रंग कुठे — आणि नाव देऊन जपून ठेवता येते. मला तेवढा दम कुठला? जे जिथे असेल तिथे शोधायचं. आपाची मांडणी मात्र ‘नसीम’ नावाने होती. ती मी पहिल्यांदा उघडली तेव्हा — कसं सांगू? — दुसरीच्या स्वयंपाकघरात जावं आणि न शोधता मिठाचा डबा हाती लागावा, तसं झालं. सगळं डावीकडे ओढलेलं, उजवी बाजू मोकळी. वरच्या कोपऱ्यात छोटी चौकट, तिच्यात कायम अख्खा चेहरा.

“मोठं करता करता मानूस हरपते, शोभे,” ती म्हणायची. “नाकाचा शेंडा सुधरवत बसतो आपन, अन् तो कोन होता हेच इसरतो. म्हनून लहानसा डोयापुढं ठेवाचा.”

सगळं डावीकडेच का, हे फक्त मला ठाऊक होतं. तिच्या उजव्या डोळ्याचं दिसणं जवळजवळ गेलं होतं. मालकाला कळलं तर काम जाईल, म्हणून तिने ते लपवलं होतं. मला का सांगितलं असेल? मी विश्वासाची वाटले — दुसरं काय?

मग मालकाने अकोल्यात दुकान काढायचं ठरवलं. दोघींतली एक तिथे मुख्य होणार. दोघींनी त्याच्यासमोर एकेक फोटो करून दाखवायचा. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला, यात कुणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती.

त्या सकाळी दुकान मी उघडलं. तिची मांडणी आधी माझ्या पेनड्राइव्हवर घेतली. मग ‘नसीम’ पुसायला गेले — पुसेना. वापरात असलेली मांडणी पुसता येत नाही. आधी दुसरीवर जावं लागतं. म्हणजे थांबायला वाव होता. मी दुसरीवर गेले, आणि पुसली.

माझं झाल्यावर आपा बसली. सगळं पुन्हा उजवीकडे गेलेलं. तिचा हात सवयीने डावीकडे गेला, थांबला. मान वळवून वळवून ती शोधत राहिली.

“आपा, दिसून नाही राहिलं का तुमाले?” मालक म्हणाला.

तिने माउस ठेवून दिला. तिला काउंटरवर बसवलं, फोटो तिच्या हातून कायमचे गेले. मी अकोल्याला आले.

इथे तीच मांडणी मी लावली, माझ्या नावाने. रोज सकाळी उघडते आणि रोज थक्क होते. एका डोळ्याने तिने किती नीट पाहिलं होतं — कुठे काय लागेल, आणि कुठला चेहरा नजरेआड होऊ द्यायचा नाही.

काही वर्षांनी आपा अकोल्याला आली, तिच्या अम्मीचा फोटो घेऊन. “मीच करतो,” म्हणत माझ्या खुर्चीत बसली. हात डावीकडे गेला आणि नेमका ब्रशवर पडला. ती थबकली. कोपऱ्यातल्या चौकटीत अम्मी होती. तिने मांडण्यांची यादी उघडून नाव वाचलं — माझं.

मग तिने फोटो पुरा केला. तसा फोटो या दुकानात पुन्हा झालेला नाही. उठताना एवढंच म्हणाली, “उजवी बाजू मोकळी काहून ठेवली, शोभे? तुले तं दोन्ही डोयानं दिसते.”

ती मांडणी अजून माझ्याच नावाने आहे.