मामी सोडून समस्त परिवार

आमच्या पिंपळगाव राजात पोरगी पदवीधर झाली की स्टँडवर फ्लेक्स लागतो. वर तिचा मोठा फोटो, त्यावर 'हार्दिक अभिनंदन' आणि खाली 'शुभेच्छुक, समस्त परिवार' म्हणून घरच्यांचे, भावकीचे आणि ज्यांना तिचं नावही धड माहीत नसतं अशांचे चेहरे. मी बी.एस्सी. झाले तेव्हा बाबा म्हणाले, "फोटो तूच निवड. ज्याचे ज्याचे उपकार आहेत, तो कोनी सुटला नाई पाह्यजे."

उपकार म्हणाल तर पहिला मान मामीचा. कॉलेज शेगावला, म्हणून तीन वर्षं मी मामाच्या घरी राहिले. मामा दिवसभर दुकानात, घरात राज्य मामीचं. आणि काय तोंड होतं बाईचं! सकाळी पांघरूण ओढून म्हणायची, "उठ वं, कॉलेज का तुह्या उशापाशी येनार हाय?" मला टायफॉइड झाला, तेव्हा भाजीच्या तोडणीमुळं आईला घर सोडता येईना. मामीनंच माझं सगळं केलं, अगदी उलट्या काढण्यापर्यंत. वर दम दिला, "आता नापास झाली त पाह्य." मी उलट बोलायचे, ती दुप्पट बोलायची, आणि जेवायला मात्र दोघी एकाच ताटात.

मामीला कोड आहे. ओठांभोवती, एका डोळ्याच्या कडेला, हातांवर पांढरे डाग. तिच्या घरी राहायला लागल्यावर थोड्याच दिवसांत मला ते दिसेनासेच झाले होते.

फ्लेक्ससाठी मी मामा-मामीचा जोडीचा फोटो निवडला, त्यांच्याच गच्चीवर घेतलेला. बाबांनी माझ्या मोबाइलात डोकावून पाहिलं.

"मामीले काढ त्याच्यातून," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात पाहुने येऊन राह्यले तुले पाह्याले. स्टँडवर उतरतीन त पहिले हेच दिसन. म्हनतीन, यायच्या घरात कोड हाय."

आता मी विज्ञान शिकलेली बाई! कातडीला रंग कशानं येतो न् कशानं जातो, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं, मार्क घेतले होते. तेवढं बाबांना सांगायला काय जात होतं माझं? ते सोडून अंगठ्यानं फोटोची कड सरकवत आणली, मामी बाहेर गेली, मामा एकटा उरला. खरं सांगू? मनात म्हटलं, बरं झालं बाबाच बोलले, मला बोलावं लागलं नाही. म्हणजे विचार माझ्याही डोक्यात होताच. लिहिताना आत्ताही कान तापलेत माझे. लाज वाटते, दुसरं काय!

घरी सत्कार ठेवला होता, त्या दिवशी मामी एसटीनं आली. दुकान बंद ठेवता येत नाही म्हणून मामा आला नाही. मी घ्यायला स्टँडवर गेले. नवी जांभळी साडी, हातात पेढ्यांचा पुडा. पायरीवरून उतरता उतरताच ओरडली, "वो माय! केवढी मोठी लावली वं तुले!" आणि थेट फ्लेक्सखाली जाऊन उभी राहिली. एकेक चेहरा पाहत गेली. गॉगल लावलेला चुलतभाऊ, काका, बाबांचा माल घेणारा व्यापारी, पानटपरीवालासुद्धा. मग मामापाशी थांबली.

"हा आपल्या गच्चीवरचा फोटो नं? मी होती नं याच्यात?"

"जागा पुरली नाही, मामी."

गॉगलवाल्याच्या बाजूला चांगली हातभर निळी जागा कोरी होती. ती मलाही दिसत होती, तिलाही.

"हाव," ती म्हणाली. "जागा कुठी पुरते." एवढंच. चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते. घरापर्यंतच्या वाटेत तिनं आईची तब्येत विचारली, मिरचीचा भाव विचारला, आणि मी शहाण्यासारखी उत्तरं देत चालले.

संध्याकाळी अंगणात मांडव, खुर्च्या, माइक. शाल-नारळ झालं आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. आईचे आभार मानले, बाबांचे मानले, काकांचे मानले. म्हटलं आता नाही तर कधीच नाही. "मी पास झाले ती माझ्या मामीमुळं," मी माइकवर म्हणाले. "मामी, पुढं ये. ही शाल तुझी आहे."

बाबांनी मान खाली घातली. सगळ्या माना मागं वळल्या, जिथं ती बायकांत बसली होती. कुणीतरी तिचा हात धरून उठवायला लागलं. फोटो काढायला मोबाइल वर झाले.

मामी उठली नाही. तिनं पदर ओढून तोंडावर घेतला, डोळ्यांपर्यंत, आणि नको नको म्हणून हात हलवला. बाजारात, देवळात, लग्नांत मी तिच्यासोबत तीन वर्षं हिंडले, तिनं कधी तोंड झाकलं नव्हतं. त्या दिवशी झाकलं, माझ्या फोटोत आपण येऊ नये म्हणून.