मिजाजाचा रकाना

माझ्यासाठी आजवर जेवढं खोटं बोललं गेलं, त्यातलं निम्म्याहून जास्त एकट्या मालकांनी बोललेलं आहे, आणि त्यांच्याएवढा सज्जन माणूस मी परभणीत दुसरा पाहिला नाही. ही दोन्ही वाक्यं मी पूर्ण शुद्धीत लिहितो आहे. मुळात ते मालक नव्हतेच. परभणीच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, भर बाजारात, दगडी कमानींचं आणि सागवानी गॅलरीचं एक लॉज आहे. त्याचे खरे मालक हैदराबादेत राहत आणि इकडे फिरकत नसत. हे नुसते मॅनेजर. पण तीस वर्षं दारासमोरच्या मेजामागे बसल्यामुळे सगळा बाजार त्यांना मालक म्हणू लागला. चुकीचं नाव अंगाला पुरेसं चिकटलं की ते खऱ्यासारखंच दिसतं, हे त्यांना स्वतःवरून ठाऊक होतं. पुढे तो प्रयोग त्यांनी माझ्यावर केला.

मी तेव्हा वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. नांदेडहून महिन्यातले तीन-चार दिवस परभणीत मुक्काम, मग एसटीनं सोनपेठचा बाजार, पोखर्णी, जिंतूर, जिथे तराजू तिथे आम्ही. लॉजवर मी उतरायचो ते त्याच्या खाली जो संसार चालायचा त्याच्या ओढीनं. कमानींखाली एक चहाचं हॉटेल, एक घड्याळजी, एक अत्तरवाला आणि एक बँडपार्टी होती. बँडवाले लग्नसराईच्या आधी महिनाभर एकच गाणं घोटत आणि ऐन लग्नात भलतंच वाजवत. मालकांना या गोंगाटाचा फार अभिमान. एकदा एका गिऱ्हाइकानं झोप येत नाही म्हणून तक्रार केली, तर मालक म्हणाले, "झोपायचं होतं तर घरी काय वाईट होतं? परभणीत आलाव, परभणी ऐका की!"

इमारत निजामाच्या काळातली. एका कापसाच्या व्यापाऱ्यानं ती बांधली आणि कुणी एक अव्वल तालुकदार, म्हणजे त्या वेळचे कलेक्टर, तिथे एक रात्र राहिले होते. एकच रात्र, तीही गाडी चुकली म्हणून. पण मालकांनी त्या रात्रीवर अख्खं आयुष्य काढलं. तालुकदार झोपले ती एक नंबरची खोली ते कुणालाही देत नसत. शिसवी पलंग, तडा गेलेला बेल्जियमचा आरसा, हात धुवायचं चिनी मातीचं भांडं. दर शुक्रवारी पलंगावर धुतलेली चादर पडे, रोज सुरई भरली जाई. नव्या गिऱ्हाइकाला मालक ती खोली उंबऱ्याबाहेरून दाखवत आणि लगेच सांगत, "बघा, पण मनात आणू नका." त्यांचं शिक्षण उर्दूतून झालेलं. त्यामुळे बोलणं मराठी, पण त्यावर हैदराबादी अत्तराचा फाया लावलेला असायचा.

त्यांची खरी करामत मात्र वहीत होती. पोलिसांसाठी जी वही ठेवावी लागते, तिच्यात नाव, गाव, काम, आल्याची वेळ एवढे रकाने असतात. मालकांनी पट्टीनं आखून एक रकाना स्वतःचा वाढवला होता आणि त्याला नाव दिलं होतं 'मिजाज'. प्रत्येक पाहुण्याचा स्वभाव ते त्यात लिहून ठेवत. 'घोरतो, पण लयीत.' 'बायकोला भितो, खिडकीची खोली द्यावी.' 'स्वतःला शहाणा समजतो, तळमजला.' एकदा फौजदारांनी वही तपासायला घेतली आणि स्वतःच्या मेव्हण्याच्या नावापुढे 'उसनं हसतो' असं वाचलं. मालक शांतपणे म्हणाले, "हुजूर, खोटं असंल तर खोडा." फौजदारांनी खोडलं नाही.

माझ्या नावापुढे काय लिहिलं आहे हे मी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला चोरून पाहिलं. नाव, कांबळे. मिजाज, 'गुणी. पाणी मागत नाही.'

पाणी मागत नव्हतो, हे खरं होतं. मला कायम सात नंबरची खोली मिळे, मागच्या जिन्याखालची. बाकी सगळ्या खोल्यांत स्टीलचे पेले आणि मालकांच्या माजघरातून भरून आलेली सुरई असे. सात नंबरमध्ये खिळ्याला टांगलेला एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला होता, पोचे पडलेला, आणि अंगणातला नळ. मला कुणी काही बोललं नाही. मालक तर माझ्याशी तासन्‌तास गप्पा मारत, गाड्यांच्या वेळांवर वाद घालत, माझ्या खात्याची टिंगल करत. पेल्याचा विषय तेवढा निघाला नाही. मीही काढला नाही. गुणी होतो ना!

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. मी त्या दुपारी सोनपेठहून परतलो तेव्हा बाजार बंद होता आणि बँडवाल्यांची खोली पहिल्यांदाच गप्प होती. खेड्यापाड्यांत आमची घरं जळत असल्याच्या बातम्या एसटीतच कानावर आल्या होत्या. मी वहीत नाव लिहून वळतो तोच कोपऱ्यावरून घोषणा ऐकू आल्या. मालकांनी माझं मनगट धरलं. त्यांनी मला त्याआधी कधी शिवलं नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळलं. त्यांनी मला एक नंबरच्या खोलीत ढकललं, तालुकदाराच्या पलंगावर निजवलं, गळ्यापर्यंत चादर ओढली आणि म्हणाले, "कण्हत ऱ्हावा." बाहेर जाऊन त्यांनी वहीतल्या माझ्या ओळीवर दौत उपडी केली आणि खालच्या ओळीत लिहिलं, 'देशमुख, मु. सेलू. मिजाज, नाजूक.'

पंधरा-वीस पोरं होती. हातात काठ्या. वही वाचून झाली, खोल्या बघून झाल्या. एक नंबरच्या दाराशी मालक आडवे उभे राहिले. "देशमुखसायब तापानं फणफणायलेत. बघायचं तर बघा, पण जोडे काढून आत या. ही तालुकदाराची खोली हाय." काठ्या घेऊन आलेल्या जमावाला जोडे काढायला सांगणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात तेवढा एकच असेल. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. वीस जोड्यांतून आपला जोड परत कसा शोधायचा, असा काहीतरी विचार त्यांनी केला असावा. दारातूनच डोकावून ती गेली. मी कण्हत होतो, आणि ते सोंग नव्हतं.

तीन दिवस मी त्या खोलीत राहिलो. मालकांच्या बायकोनं, काकूंनी, 'देशमुखांसाठी' स्वतःच्या चुलीवरची भाकरी, वरण, पितळेच्या ताटात वाढून दिलं. सुरईतलं पाणी दिलं. थंडगार पाणी. बाहेर माझी माणसं उघड्यावर आली होती आणि मी आत दुसऱ्यांदा भाकरी मागून घेत होतो. जीव वाचल्याचा आनंद मोठा होता की त्या ताटाचा, हे मला आजही सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही याची लाज वाटते.

दोन महिन्यांनी पुन्हा गेलो. मी सवयीनं मागच्या जिन्याकडे वळलो, तर मालक ओरडले, "देशमुख, तिकडं कुठं?" आजूबाजूला कोणी नव्हतं. मी हसलो. ते हसले नाहीत. हळूच म्हणाले, "घरात तेच सांगितलंय. तिच्या ताटात जेवलाव तुमी. आता खरं सांगितलं तर ती मला घराबाहेर काढंल, ताट तर काढंलच काढंल." जमावाला न भ्यालेला हा माणूस बायकोला असा भीत होता. माझ्या जिवासाठी बोललेलं खोटं आता ते स्वतःच्या संसारासाठी बोलू लागले, आणि मी ते चालू दिलं.

चांगली पंधरा वर्षं चालू दिलं. मालकांनी माझं कूळ रचलं, सेलूकडची जमीन रचली, आजोबांना तालुकदाराच्या पंगतीला बसवलं. चारठाण्याचे एक खरेखुरे देशमुख एकदा मुक्कामी आले आणि "तुमी कोण्या वाड्याचे?" म्हणून माझी उलटतपासणी घेऊ लागले. वर भाचीसाठी स्थळ म्हणून पाहू लागले. माझी दोन पोरं तेव्हा शाळेत जात होती. मालकांनी त्यांना चहात गुंतवलं आणि त्यांच्या नावापुढे लिहिलं, 'खोदून विचारतो. पुढच्या खेपेला खोली शिल्लक नाही.' माझ्या नावापुढे म्हणजे देशमुखांच्या नावापुढे लिहीत, 'गोड बोलतो. पाणी थंड लागते.' वाहवा! आडनाव बदलल्याबरोबर मला तहानसुद्धा लागायला लागली होती.

तिकडे माझा धाकटा भाऊ नावासाठी मोर्चात जात होता, दोनदा तुरुंगात जाऊन आला. एकदा त्यानं सहज विचारलं, "दादा, परभणीत उतरतोस कुठं?" म्हटलं, लॉजवर. कोणत्या नावानं, ते त्यानं विचारलं नाही. त्याच्या डोक्यात तसला प्रश्न येणं शक्यच नव्हतं. त्या खेपेला मी मालकांना म्हणालो, "वहीत माझं खरं नाव लिहा." मालक म्हणाले, "सायब, वहीत काय हाय? खोली बघा की. शिसवी पलंग हाय." मी जाऊन त्या पलंगावर आडवा झालो. मालकांना बोल लावण्याचा माझा हक्क तिथेच संपला.

शेवटी विद्यापीठाचं नाव आलं. बदललं नाही, वाढवलं, पण आलं. त्यानंतर काही दिवसांनी मी परभणीला गेलो तो ठरवूनच गेलो. काकू दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. आता कुणाचं ताट बाटणार नव्हतं. मालक त्याच मेजामागे होते, पण डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले आणि आठवण फाटलेली. पायांच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. "या देशमुख, लय दिवसांनी." मी वही ओढली आणि स्पष्ट अक्षरात लिहिलं.

"काय लिवलं? वाचा," ते म्हणाले.

"कांबळे."

मला वाटलं होतं ते दचकतील, चिडतील, निदान हसतील. त्यांनी मान दाराकडे वळवली.

"तुमच्यासंगट आलाय व्हय?" त्यांचा आवाज बारीक झाला. "सात नंबरचा कांबळे? तो दंगलीच्या साली गेला ते पुन्हा आलाच न्हाई. मी लय वाट बघितली. वाटलं, मारलं असंल कुणी." मग माझ्याकडे झुकून, कुणी ऐकू नये अशा बेतानं म्हणाले, "देशमुख, तुमी घरचे म्हणून सांगतो. मी त्याला जर्मनचा पेला दिला होता. मागायचा न्हाई बिचारा. मला कळायचं, पर मी कदी विचारलं न्हाई."

मीच तो, हे सांगायला मी आलो होतो. पंधरा वर्षं हेच वाक्य तोंडात घोळवत होतो.

मालक मेजाला धरून उठले. चाचपडत एक नंबरच्या खोलीत गेले, सुरईतून स्टीलच्या पेल्यात पाणी ओतलं, अर्धं जमिनीवर सांडलं, आणि पेला घेऊन बाहेर आले. त्यांनी तो रस्त्याकडच्या दाराच्या दिशेनं धरला. "घ्या कांबळेसायब. आत या. ही खोली तुमची." दारात कुणी नव्हतं. मी त्यांच्या मागे, मेजापाशी उभा होतो. कमानींखाली बँडवाले तेच ते गाणं चुकतमाकत वाजवत होते. मग मी वहाणा काढल्या, पाय न वाजवता दारापर्यंत गेलो, आणि तिथून तो पेला घेतला.