ऊन लागलंय, मी म्हणाले

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला परभणीला होते आणि महालक्ष्म्यांसाठी गावी आले होते. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यालगत आमचं कापसाचं रान. मला पुढं शिकू द्या, हे वडिलांसमोर पहिल्यांदा बोलली ती माझी वहिनी. स्वतः चौथी शिकलेली. "बाईला जाऊ द्या मामंजी, रानातलं मी पाहते," म्हणाली, आणि माझ्या वाट्याचं सगळं काम तिनं खरंच अंगावर घेतलं.

महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी फवारणी होती. पाठीवर पंप दादाच्या. पिपात औषध कालवणं, पंप भरून देणं वहिनीकडे. त्या सकाळी भरलेला पंप कलंडला आणि तिची साडी कमरेपासून खाली भिजली. तिनं निऱ्या पिळल्या आणि पुन्हा कामाला लागली.

दुपारच्या आत ती घरी आली. घामानं निथळत होती, तोंडाला सारखं पाणी सुटत होतं. दोनदा उलटी झाली.

"बाई, समोरचं धुरकट दिसून राहिलं," ती म्हणाली.

मागोमाग दादा आला. "औंढ्याला दवाखान्यात नेतो हिला."

"ऊन लागलंय दादा," मी म्हणाले. "पडू दे जरा. उतरेल."

घरात शिकलेली मीच. त्यानं ऐकलं. मी लिंबू-साखरेचं पाणी पाजलं, वारा घातला. भिजलेली साडी बदलावी हेसुद्धा मला सुचलं नाही. दिवस कलला तेव्हा तिच्या दंडाचं मांस कातडीखाली आपोआप फडफडू लागलं. मग जीप शोधली आणि थेट हिंगोली गाठली.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. बुबुळांतले काळे ठिपके मोहरीएवढे झाले होते. "फवारणी कधी केली?"

"सकाळी," दादा म्हणाला.

"आणि आत्ता आणता?"

इंजेक्शनांवर इंजेक्शनं झाली. दुसऱ्या दिवशी ती बोलू लागली. ओठ सुकलेले, चेहरा लाल. "तुझं कालेज बुडून राहिलं ना बाई," एवढंच म्हणाली. आम्हाला वाटलं, सुटली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उशीवरून मान उचलता येईना. श्वास वरच्या वर चालला. श्वास देणारं यंत्र नांदेडला होतं. गाडीत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. वसमतच्या अलीकडे श्वास थांबला. ड्रायव्हरला सांगायला मला बराच वेळ लागला.

हिवाळ्यात बायोकेमिस्ट्रीच्या सरांनी एन्झाइमचा धडा घेतला. फळ्यावर रेघा काढून त्यांनी सांगितलं की काही पदार्थ एन्झाइमची जागा नुसती अडवतात, एन्झाइम ज्यावर काम करतं तो खरा पदार्थ वाढवला की ते हटतात आणि काम पूर्वीच्याच वेगानं चालतं. "पण काही जागा सोडतच नाहीत. तेवढी एन्झाइमं कामातून गेली. मग कितीही पदार्थ घाला, वेग वर चढत नाही." उदाहरण म्हणून त्यांनी कीटकनाशक घेतलं. नसेनं स्नायूला दिलेला निरोप पुसून टाकणारं एक एन्झाइम असतं. विष त्यालाच चिकटतं. निरोप पुसला जात नाही, स्नायू आधी फडफडतात, मग थकून पडतात. ते विष सोडवणारं औषध आहे, पण वेळ गेली की पकड कायमची होते.

मी हात वर केला. "किती वेळ, सर?"

"विषावर आहे. काहींचं काही तासांतच."

पुढचं मी उतरवून घेतलं नाही.

संक्रांतीला गावी गेले. दादा गोठ्यात होता. पाठमोराच राहून त्यानं विचारलं, "तू तर हेच शिकून राहिली. दुपारीच नेलं असतं, तर वाचली असती का?"

"न्हाई दादा," मी म्हणाले. "काही फरक पडला नसता."

त्यानं मान हलवली आणि वैरण टाकत राहिला. पुन्हा कधी विचारलं नाही. दुसरं लग्नही केलं नाही.

पुढं मीच कॉलेजात शिकवू लागले. हा धडा दरवर्षी येई आणि मी कीटकनाशकाचं उदाहरण टाळून दुसरंच देई. सात-आठ वर्षं अशी गेली. एका वर्षी फवारणीच्या दिवसांत एका मुलीनं वर्गात उठून विचारलं, "मॅडम, औषध अंगावर सांडलं तर काय करायचं?" मी तिला सगळं सांगितलं. कपडे उतरवा, साबणानं धुवा, वाट पाहू नका. त्या शनिवारी एसटी धरून गावी गेले.

दादाला समोर बसवलं. "मी खोटं बोलले होते. दुपारी नेलं असतं तर ती वाचण्याची आशा होती. मी थांबवलं."

तो तळहात चोळू लागला.

"मला माहीत व्हतं," तो म्हणाला. "हिंगोलीच्या डॉक्टरनं त्याच दिवशी सांगितलं."

"मग मला विचारलं काहून?"

"तुलाबी माहीत हाय का, ते पाह्याचं व्हतं. तू न्हाई म्हणलीस. मला वाटलं, बरं झालं, लेकराला ठाऊक न्हाई."

मग तो रडला. तिची तिरडी उचलली त्या दिवशीही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.