धुरकट ग्लास आणि विहीणबाई

मंडळी, आज दुपारी आमच्या मानवतच्या घरी जावयाच्या आई त्यांच्या जावेला घेऊन पहिल्यांदाच आल्या. बायकोनं पाणी पुढं केलं. विहीणबाईंनी काचेचा ग्लास उजेडात धरला, अन् तसाच खाली ठेवला. "आत्ताच पिऊन आलोत," म्हणाल्या.

माझे कान तिखट. बायको आत जाताच त्या जावेला हळूच म्हणाल्या, "ग्लास धुतच न्हाईत की काय?"

पण बायकोचे कान माझ्याहून तिखट निघाले. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "दोनदा घासलेत ओ मी. आता काय, फोडून टाकू?" डोळ्यात पाणी होतं.

मग मलाच राहवेना. पातेल्यात सिरका, म्हणजे व्हिनेगर, घेतला अन् एक ग्लास त्यात अर्धाच बुडवला. अर्ध्या तासानं धुतला, तर बुडालेला भाग लख्ख अन् वरचा तसाच धुरकट. म्हणजे तो मळ नव्हताच. आमच्या बोअरचं पाणी जड. ग्लास धुऊन ओलाच ठेवला की थेंब वाळतात अन् क्षार काचेवर बसतो.

सगळे ग्लास बुडवले. दोन मात्र धुरकटच राहिले. त्यांना मागं तारेच्या घासणीनं मीच घासलं होतं. ओरखडे कसे जाणार? ते दोन आता माझ्या नावावर आहेत.

बायकोनं त्या अर्ध्या लख्ख ग्लासाचा आधीच काढून ठेवलेला फोटो थेट विहीणबाईंना पाठवला. मी म्हणलं, झालं, आता भांडण.

उत्तर आलं, "किती वेळ बुडवायचे ओ ताई? आमच्या वालूरलाबी असंच होतंय. म्हणून तर आमी पाहुण्यांना स्टीलचे ग्लास देतो."

खरं सांगा, तुमच्याकडं पाहुण्याला पाणी कशात देता?