संध्याताईंच्या हळदीकुंकवाला आम्ही सगळ्या होतो

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं बधिर झालंय, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगमधल्या संध्याताई कोलशेतच्या झोपड्या पाडू नयेत म्हणून लढतात. आता त्यांच्यावरच केस झालीय. म्हणे, संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी तिथे एका अधिकाऱ्याला धक्काबुक्की केली.

अहो, त्या संध्याकाळी त्यांच्या घरी हळदीकुंकू होतं! आम्ही सगळ्या नटूनथटून गेलेलो. त्यांनी वाण म्हणून चहाची गाळणी दिलेली.

आज त्यांची वकील आमच्या दारोदार फिरली. "ताई घरी होत्या, एवढंच लिहून द्या."

खालच्या वहिनी म्हणाल्या, "दिवस नक्की आठवत नाही हो." समोरची म्हणाली, "मुलाचं पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन बाकी आहे, आत्ता नको."

माझ्याकडे आली तेव्हा मी म्हटलं, "बसा ना, चहा टाकते. ह्यांना विचारून सांगते."

चहा त्याच गाळणीने गाळला. ती पिऊन, थँक्यू म्हणून गेली.

खरं सांगा, तुम्ही लगेच सही केली असती?

हे तासाभरापूर्वी घरी आलेत. मी अजून विचारलेलं नाही.