मागे घेतलेली मंजुरी

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये साक्षी रामटेके दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून काय करते, हे तिच्या आईला, रुखमाबाईंना, कुणाला नीट सांगता येत नसे. शेजारणीने विचारलं की त्या म्हणायच्या, "दुसऱ्याचं लिहिलेलं तपासते. मास्तरणीवानी." ते काही खोटं नव्हतं. एका कंपनीसाठी साक्षी नऊ वर्षं घरून फाइल सिस्टीमच्या दुरुस्त्या तपासत होती. कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे, याच्या नोंदी ठेवणारा तो कोड. तो चुकला की फाइल डिस्कवर असूनही हाती लागत नाही.

त्या शुक्रवारी तिनं दीपिकाच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. दीपिका कुरखेड्याची पोर, आता हैदराबादला, कंपनीत येऊन वर्षच झालेलं. मोठी फाइल डिस्कवर सलग पट्ट्यांत ठेवतात. अशा पट्ट्याला एक्सटेंट म्हणतात आणि त्याची नोंद एकच असते: इथून सुरू, एवढा लांब. एक्सटेंटचा मधलाच भाग पुसायचा झाला, तर एका नोंदीच्या दोन कराव्या लागतात. जुना कोड आधी पहिली नोंद आखूड करायचा, मग मागे उरलेल्या भागाची नवी नोंद लिहायला जायचा. नेमकी तेव्हाच जागा संपली, तर तो उरलेला भाग बेवारस. दीपिकाचा उपाय साधा होता. नवी नोंद लिहिता आली नाही, तर पहिली परत होती तेवढी करायची. बाराच ओळी. साक्षीनं दोनदा वाचल्या आणि खाली आपलं नाव टाकलं.

रविवारी चामोर्शीला तिच्या चुलतभावाच्या, अश्वजितच्या, नव्या घराचा कार्यक्रम होता. बुद्धवंदना चालू असतानाच तिच्या मनात काहीतरी टोचलं. पहिली नोंद परत करायची खरी, पण ती जागेवर असेल का? नोंदींचं पान भरलेलं असलं, की कोड आधी त्या पानाची दोन पानं करतो आणि अर्ध्या नोंदी नव्या पानावर हलवतो. आपली नोंदही हलली असेल, तर दीपिकाचा कोड जुन्याच जागी लिहून येणार. म्हणजे भलत्याच नोंदीवर.

पंगतीत तिला घास गोड लागेना. हात धुऊन ती रस्त्यावर आली आणि मोबाइलवरूनच मंजुरी मागे घेतली.

पाच मिनिटांत दीपिकाचा फोन. "साक्षीताई, मंजुरी काऊन मागं घेतली? उद्या संध्याकाळी ते ग्राहकांकडं जाऊन राह्यलं ना!"

"मले शंका आहे." तिनं पानाची गोष्ट सांगितली.

"पण तसं होते हे पाह्यलं का तुमी?"

"अजून नाई."

"मंग शुक्रवारी काय पाह्यलं होतं?"

उद्या सकाळीच चाचणी घ्यायची, असं ठरवून साक्षीनं फोन ठेवला.

सोमवारी सकाळपासून ती चाचणीला भिडली. छोटी डिस्क घेतली, पानं ठासून भरली, एक्सटेंटचा मधला भाग पुसला. दोनशे वेळा पुसला. दोनशेही वेळा सगळं ठीक. ती उठायची, पाणी प्यायची, व्हरांड्यात जायची, परत बसायची. पहिल्या पाळीहून आलेले तिचे बाबा, हरिदास, जेवता जेवता हे पाहत होते. वीज केंद्रात त्यांची तीस वर्षं झालेली. यंत्र बंद आहे, आता हात घाला, असं परमिट दुरुस्तीवाल्यांना देणं हे त्यांचं काम.

"काय झालं? एका जागी बसून नाई राह्यली तू."

"सही करून बसली, बाबा. आता वापस घेतली, तं चूकच सापडत नाई. पोरीचं पहिलं मोठं काम अडवून ठेवलं मी."

"तुह्यं ते काम मले नाई समजत," हरिदास म्हणाले. "पण सही वापस घेतली त्याची लाज नोको धरू. मी दोनदा घेतली हाये."

तिला बरं वाटलं, पण चैन पडेना. तिनं दीपिकाचा कोड बाजूला ठेवला आणि स्वतःचीच चाचणी ओळीओळीनं वाचली. तिची डिस्क फार लवकर भरत होती. पानाची दोन पानं व्हायच्या आतच जागा संपायची, मग नोंद हलणार कशी? जागा संपायला हवी होती पानं झाल्यावर. नेमकं तिथंच कोडला 'जागा संपली' असं खोटं उत्तर मिळेल, अशी तिनं मुद्दाम सोय केली.

तिसऱ्या फेरीत फाइलचा मागचा भाग गायब झाला, आणि शेजारची नोंद वाढून दुसऱ्याच्या जागेवर चढून बसली.

आधी साक्षीला आनंद झाला. मग तिनं दीपिकाला फोन लावला.

फोनवर दीपिका म्हणाली, "म्हणजे जुन्याहून वाईट करून ठेवलं मी."

"दोघींनी. माह्यं नाव होतं खाली."

दुरुस्तीचं ग्राहकांकडे जाणं थांबलं. दीपिकानं त्याच संध्याकाळी नवीन पाठवली: परत लिहिण्याआधी नोंद नव्यानं शोधायची. या वेळी साक्षीनं तीन दिवस घेतले. दीपिकाचे निरोप तुटक येत राहिले, ते तिनं सोसलं. गुरुवारी मंजुरी दिली.

त्यानंतर तिनं आपल्या जुन्या मंजुऱ्यांची यादी उघडली. चारशेच्या वर होत्या. यातल्या किती आपण नुसत्या वाचल्या? आतून रुखमाबाईंची जेवायला हाक आली.

"आलीच," साक्षी म्हणाली, आणि सगळ्यात वरची उघडून पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.