मेलेल्या जिल्ह्याचा तलाठी

सोनावणे आइस्क्रीम खायचा ते काडीसाठी. चाळिशीचा बाप्या, नावापुढे डॉक्टर, आणि काड्या धुऊन खिडकीत वाळत घालायचा. मग त्यांवर बारीक अक्षरात लिहून दोऱ्यानं चटईसारख्या बांधायचा. जर्मनीत डार्मश्टाटमध्ये माझ्या मुलानं, नितीननं, घर बदललं तेव्हा हा आमच्या वरच्या मजल्यावर. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "पगार कशाचा घेतोस?"

"चांगयेच्या अभ्यासाचा, काका. चीनमधला जुना जिल्हा. हान बादशहांनी वाळवंटाच्या कडेला वसवला."

"आता कुठायत ते बादशहा?"

"केव्हाच गेले."

"म्हणजे तू मेलेल्या जिल्ह्याचा तलाठी!"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" म्हणून हसला. अपमानसुद्धा कळायचा नाही याला.

जिन्यात गाठून सांगायचा, कुणी गादी बळकावली, जिल्ह्याचं नाव बदललं, तो मेल्यावर जुनं परत लावलं. मी म्हणायचो, "तुझं दूध उतू जातंय, ते बघ." खरोखरच जात असायचं.

माझी शांता इथंच गेली, जुन्या घरात. नव्या पत्त्याच्या नोंदणीचा फॉर्म आला, त्यात बायको हयात आहे का, असं विचारलेलं. मी सही करेना. नोंदणीवाचून माझा इथं राहायचा परवाना अडला. नितीन रडकुंडीला आला. शेवटी त्यानं सोनावणेला बोलावलं. म्हटलं, आता हा अकलेचा कांदा मला शिकवणार!

त्यानं फॉर्मकडे बघितलंच नाही. खिशातून काडी काढली.

"चांगयेत चौक्यांवरच्या शिपायांच्या बायकांना सरकारी धान्य मिळायचं, काका. अशाच लाकडाच्या पट्ट्यांवर लिहून ठेवायचे. नाव?"

"शांता."

"वय?"

"अडुसष्ट."

"महिन्याचं धान्य?" विचारता विचारता त्यानं 'धान्य' लिहिलंसुद्धा.

"धान्य कसलं, गाढवा? मेली ती!"

तोवर हा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. नितीन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सोनावणेनं पातं काढून 'धान्य' तेवढं खरवडलं.

"चुकलं की तेही असंच तासायचे," म्हणाला. "त्या बायकांचं धान्य केव्हाच बंद झालं, काका. नावं अजून वाचता येतात."

मी सही केली.

पुढं त्याचं कंत्राट संपलं, ड्रेस्डेनला गेला. जाताना चपला आमच्या दारात विसरला. काडी मात्र एकही विसरला नाही. माणूस बिनकामाचाच, माझं मत बदललेलं नाही. त्या जिल्ह्याचं कुणाला पडलंय?

त्यानं देऊन ठेवलेली शांताची काडी माझ्या सदऱ्याच्या खिशात असते. खरवडलं तिथं लाकूड पातळ झालंय. अंगठा तिथंच जातो.